मदत हवी आहे: चर्चची प्रार्थना पार्लमेंट कशी काय ठरवणार??

मंडळी, एमए इतिहासचं प्रेझेंटेशन आहे, विषय अँग्लिकन चर्च (म्हणजे इंग्लंडचं अधिकृत सरकारी चर्च) आणि सरकार, आणि मी एका जागी पार अडकलेय. १५३४ ला आठव्या हेन्रीने स्वतःला चर्चचा प्रमुख करून घेतलं इथपर्यंत ठीक, पण १९२७ मध्ये चर्चने स्वतः मंजूर केलेलं नवीन प्रार्थनापुस्तक हाऊस ऑफ कॉमन्सने (ब्रिटिश पार्लमेंटचं खालचं सभागृह) २३८ विरुद्ध २०५ मतांनी पाडलं आणि १९२८ ला सुधारून आणलं तर परत पाडलं, म्हणजे चर्चमध्ये कधी पाय न ठेवणारा खासदार पण मत देणार?! त्यात गंमत म्हणजे त्याच १९२७ ला त्याच पार्लमेंटने कायदा करून भारतातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून मोकळं केलं, १९३० पासून अंमल. वेल्सचं तर १९२० लाच सुटलं होतं.

मग एवढा अपमान होऊन इंग्लंडच्या चर्चने सरकारशी काडीमोड का नाही घेतला? हाऊस ऑफ लॉर्ड्स या वरच्या सभागृहातल्या बिशपांच्या २६ जागा सोडवत नव्हत्या (माझा संशय हाच), की राष्ट्राला एक चर्च हवंच हा सोळाव्या शतकातल्या रिचर्ड हूकर या धर्मशास्त्रज्ञाचा जुना विचार? १८५० च्या गोरहॅम खटल्याशी (बाप्तिस्म्याबद्दलच्या मतांवरून गोरहॅम या पाद्रीला बिशपने नेमणूक नाकारली होती) याचा धागा जोडता येईल का, तिथेही बाप्तिस्म्याचा वाद शेवटी प्रिव्ही कौन्सिलनेच, म्हणजे राजसत्तेच्या सल्लागार मंडळानेच, सोडवला होता ना? कोणी नीट समजावून सांगेल का प्लीज, सोमवारी सबमिशन आहे 🙏