गुआ शा : पाठ जितकी काळी, तितका गुण?

रेघोट्या
गुआ शा म्हणजे तेल लावून गुळगुळीत कडेच्या पात्याने पाठ, मान खरवडायचा चिनी उपाय. त्याबद्दल ‘रंग येईपर्यंत जोर वाढवा, पाठ जितकी काळीनिळी तितकं विष बाहेर, आणि रोज करा’ अशी एक पोस्ट कालपासून सगळीकडे फिरतेय. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

शा म्हणजे खरवडल्यावर उठणारे ठिपके, केशवाहिन्यांतून पाझरून कातडीखाली थांबलेलं रक्त. बाहेर काहीही पडत नाही. शरीर ते जागीच मोडतं, शोषतं, आणि साधारण दोन ते चार दिवसांत ठिपके बहुतांशी मावळतात. आधीचे ठिपके पूर्ण जाईपर्यंत त्या जागेला हात लावायचा नाही, म्हणजे बहुधा पाच ते सात दिवस. रोज केलंत तर पाझरलेल्या जागेवरच पुन्हा मार बसतो.

रीत अशी आहे. आधी भरपूर तेल. पातं ३० ते ४५ अंशांत, ओढायच्या दिशेकडे कललेलं, म्हणजे कड घसरते, खणत नाही. एकाच दिशेने ओढायचं, मागेपुढे घासायचं नाही. पट्टा चार ते सहा इंचांचा. आधी मान, मग मानेच्या बुडापासून खांद्याच्या टोकापर्यंत, मग मणक्याच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली, शेवटी बरगड्यांच्या फटींतून आतून बाहेर. मणक्याच्या वर आलेल्या हाडांवर दाब द्यायचा नाही. नवे ठिपके उठायचे थांबले की पट्टा संपला. वीसेक वेळा ओढूनही काही उठलं नाही तर तिथे शा नाही, पुढे सरका. जोर वाढवून उठवली ती शा नव्हे, ती इजा.

नानजिंगकर
‘विष’ या शब्दासाठी भांडणार नाही, तो चुकीचाच आहे. पण त्यापायी तुम्ही रंगाचं सगळं वाचनच मोडीत काढताय. फिकी, वरवरची शा लवकर मावळते, दुखणं नवं असतं. गडद जांभळी, गाठाळ शा म्हणजे जुनं साकळलेलं. गुओ झिसुइंचा ‘शाझांग युहेंग’ हा वैद्यकग्रंथ १६७५ चा. त्यात शा हा अख्खा रोगवर्ग आहे, आणि खरवडणं, रक्त काढणं, औषध देणं हे कुठे कोणतं ते वेगळं सांगितलंय. लक्षणं बघून उपाय ठरवण्याची ही शिस्त आहे. चार आगाऊ लोकांच्या पोस्टवरून ती मोजू नका.

रेघोट्या
शिस्तीबद्दल आदर आहे. पण तुमचे रंगाचे तक्ते गोऱ्या कातडीवर बनलेत. सावळ्या पाठीवर सुरुवातीची लाली दिसतच नाही, दिसतो तो तपकिरी-जांभळा. माणूस लाल रंगाची वाट बघत दाबत राहतो आणि कातडी सोलवटते. आपल्याकडे बोटाची पारख वापरायला हवी. बोटाने दाबा : नुसती लाली असेल तर ती क्षणभर पुसते, शा दाबूनही तशीच राहते. डोळ्याला लाली दिसत नसेल तर बोटाखालचा खरखरीतपणा पाहा. शा उठली की कातडी बारीक रवाळ लागते.

पाठराखीण
मी फिजिओथेरपीवाली, दोघांशीही असहमत. ठिपके हे ध्येय मानणं इथेच गाडी चुकते. ग्रॅस्टन या फिजिओथेरपीतल्या पद्धतीत स्टीलच्या साधनांनी १९९० च्या दशकापासून हेच काम होतंय, आणि तिथे ठिपके हा टाळायचा परिणाम आहे. ऊती सैल झाल्या, मान वळली, काम झालं.

नानजिंगकर
म्हणजे पद्धत आमची, नाव तुमचं, आणि मुख्य भाग ‘टाळायचा परिणाम’! पाझरलेलं रक्त मोडताना हीम ऑक्सिजनेज-१ हे एन्झाइम वाढतं, हे उंदरांवर दिसलंय. दाह त्याने उतरतो असं मानतात. गुआ शाच्या अभ्यासक आर्या नील्सन यांच्या २००७ च्या कामात खरवडल्यावर पहिली साडेसात मिनिटं कातडीतला रक्तप्रवाह चौपट होता. शा न उठवता हे मिळतं का, ते आधी दाखवा.

पाठराखीण
नील्सन यांच्या कामातले ११ जण निरोगी होते, दुखणं कोणालाच नव्हतं. जुन्या मानदुखीवरचा २०११ चा जर्मन प्रयोग ४८ जणांचा, तुलना गरम पिशवीशी, तपासणी आठवड्याने. गुण दिसला, हे मी नाकारत नाही. वर्षभर टिकतो असं मात्र त्यातून निघत नाही.

स्वच्छ हात
रंगावर एवढं भांडताय, आणि पातं कशाचं, कसं धुता, हे कोणीच बोलत नाही! म्हशीच्या शिंगाचं पातं एका पाठीवरून पुसून दुसऱ्या पाठीवर. शिंगाला बारीक भेगा असतात, तेलात मिसळलेलं रक्त तिथे बसतं. हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो. स्पिरिटचा बोळा फिरवून तो जाईलच याचा भरवसा नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, १२१ अंशांवर शिंग वाकडं होतं, पापुद्रे सुटतात.

नानजिंगकर
शिंग ज्याचं त्याचं असतं. नाव लिहून वेगळं ठेवायचं, साबणाने धुऊन लगेच कोरडं करायचं, तेलाचा हात फिरवायचा. इतकी साधी गोष्ट आहे. आणि शिंगातून हाताला जो खरखरीतपणा कळतो तो स्टीलमध्ये कुठून येणार?

पाठराखीण
उलट आहे. स्टीलमधून कंप जास्त कळतो, म्हणूनच ते वापरतात.

स्वच्छ हात
घरी एकट्यासाठी शिंग चालेल, एवढं सोडतो. क्लिनिकमध्ये नाही. तिथे गोल, गुळगुळीत कडेचं धातूचं झाकण एकदा वापरून फेका, नाहीतर स्टील. तेही आधी साबणाने घासून तेल काढा, तेलाच्या थराखाली जंतुनाशक पोहोचतच नाही. जेड दगडाचं पातं एकदा पडलं की कडेवर नख फिरवून बघा, केसाएवढा टवका कातडी चिरतो. चिनी मातीच्या चमच्याचंही तेच. तेलाच्या बरणीत बोटं घालू नका. वाटीत काढा, उरलेलं टाकून द्या.

नानजिंगकर
झाकण मान्य, क्लिनिकपुरतं. तुमचा सूर मान्य नाही.

चिमटा
रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर? कोणीतरी सांगितलं की दोन दिवस गोळी बंद ठेवून करून घ्या.

पाठराखीण
कोणी सांगितलं? वॉर्फरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याच्या पाठीवर शा उठवायचीच नाही. क्लोपिडोग्रेलचा परिणाम पाचसात दिवस राहतो, दोन दिवसांनी काही सुरक्षित होत नाही. आणि स्टेंट असलेल्याने ती गोळी परस्पर थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. खांदा आखडला म्हणून कोणी हा धोका घेतं?

नानजिंगकर
यात मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. गोळी बंद करू नका, खरवडूही नका. प्लेटलेट कमी असतील, हिमोफिलिया असेल, तरी तेच. गरोदर बाईच्या पोटाला आणि कमरेला हात लावायचा नाही. तीळ, पुरळ, उन्हाने भाजलेली कातडी वगळायची. उपाशीपोटी किंवा भरल्या पोटी करायचं नाही, भोवळ येते.

रेघोट्या
आणि रंगाचं?

नानजिंगकर
रंग मी लिहून ठेवणारच. जोर त्यावरून ठरवणार नाही, एवढं घ्या.