अमेरिकेतली दारूबंदी: घटनेत घातलेली तरतूद १३ वर्षांत कशी निघाली?

प्रश्न – कोरडा_दिवस

दारूबंदी आणणारी १८ वी घटनादुरुस्ती १७ जानेवारी १९२० ला लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला रद्द झाली. अमेरिकेची घटना बदलणं महाकठीण, तरी हे इतक्या लवकर कसं झालं? दुसरं म्हणजे, त्या काळात घरी बसून पिणं गुन्हा नव्हता असं वाचलं. मग बंदी नेमकी कशावर होती?

प्रतिसाद – कलम_अनुच्छेद

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. दुरुस्तीने दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं आणि आयात-निर्यात यांवर बंदी घातली. पिण्याचा उल्लेखच नाही. १९२० च्या आधी घेऊन घरात ठेवलेला साठा कायदेशीर होता. ज्याच्याकडे पैसा होता त्याने तळघर आधीच भरून घेतलं. रोजंदारीवरच्या मजुराला ते परवडणारं नव्हतं. बंदीबद्दलचा राग इथूनच सुरू होतो.

खरा घाव मात्र दुरुस्तीची अंमलबजावणी ठरवणाऱ्या व्होल्स्टेड कायद्याने घातला. दुरुस्तीत शब्द होते ‘मादक पेये’. व्हिस्की, रम जाईल आणि बिअर, हलकी वाइन राहील अशी पुष्कळ समर्थकांची समजूत होती. ऑक्टोबर १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) त्यात मर्यादा ठरवली ०.५ टक्के अल्कोहोल! साधी बिअरसुद्धा गेली. मध्यममार्गी समर्थक तिथेच तुटले, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महागडी चूक. मर्यादा तीनएक टक्क्यांवर ठेवली असती तर बंदी बरीच जास्त टिकली असती.

अंमलबजावणीची जबाबदारी केंद्र आणि राज्यं दोघांची. केंद्राकडे सुरुवातीला सगळ्या देशासाठी दीडएक हजार एजंट. मेरीलँडने राज्याचा कायदा कधी केलाच नाही. न्यूयॉर्कने केलेला १९२३ मध्ये रद्द केला.

प्रतिसाद – भट्टीवाला_रसायन

पळवाटा कशा चालत ते सांगतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळे: एका रुग्णाला १० दिवसांत एक पाइंट, म्हणजे साधारण ४७३ मिली. १९२१ मध्ये डॉक्टरवरही मर्यादा आली, ९० दिवसांत १०० चिठ्ठ्या. धार्मिक विधींसाठी वाइनला सूट होती. घरगुती फळांच्या रसाला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे ७५० लिटरच्या वर, मुभा होती. तो रस प्रत्यक्षात मादक आहे हे सरकारने सिद्ध करायचं. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागा बुडण्याऐवजी वाढल्या. जाड सालीचं अलिकांत बुशे हे द्राक्ष रेल्वेने पूर्व किनाऱ्यापर्यंत टिकायचं, म्हणून नाजूक जाती उपटून ते लावलं गेलं. वाइनचा दर्जा त्यात खालावला.

सगळ्यात भयंकर प्रकार औद्योगिक अल्कोहोलचा. रंग, औषधं, सुगंधी द्रव्यं यांसाठी ते लागतंच, म्हणून ते बंद करता येत नव्हतं. पिऊ नये म्हणून त्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल आणि इतर द्रव्यं मिसळत. तस्कर ते चोरून पुन्हा ऊर्ध्वपातन करत. इथे एक गैरसमज आहे: मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, ७८.४ ला, म्हणून पहिली धार फेकली की काम झालं, असं लोक धरून चालतात. साध्या भट्टीत ते पूर्ण वेगळं होत नाही. मधल्या धारेतही मिथेनॉल येत राहतं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी दृष्टी जाते, मग जीव. १९२७ मध्ये सरकारने मिथेनॉलचं प्रमाण आणखी वाढवलं. माणसं मरणार हे माहीत असताना घेतलेला हा निर्णय कुठल्याही युक्तिवादाने योग्य ठरत नाही.

कोरडा_दिवस

धन्यवाद दोघांनाही. पण रद्द करायला ४८ पैकी ३६ राज्यं लागणार होती. ग्रामीण विधिमंडळं तर बंदीच्या बाजूची होती ना?

प्रतिसाद – कलम_अनुच्छेद

म्हणूनच विधिमंडळं टाळली. घटनेत मान्यतेची दुसरी वाट आहे, राज्यांत खास अधिवेशनं भरवण्याची. आजवर ती फक्त बंदी रद्द करणाऱ्या २१ व्या दुरुस्तीला वापरली गेली. प्रतिनिधी बाजूने की विरोधात हे आधीच जाहीर असायचं, म्हणजे व्यवहारात सार्वमतच. २० फेब्रुवारी १९३३ ला काँग्रेसने प्रस्ताव पाठवला आणि साडेनऊ महिन्यांत युटा ३६ वं राज्य ठरलं.

घाईचं कारण तिजोरी. १९१३ मध्ये आयकर आला म्हणून दारूवरच्या करावाचून केंद्राचं भागेल असं वाटलं होतं. मंदीत आयकर आटला. ७ एप्रिल १९३३ पासून, म्हणजे दुरुस्तीच्या आधीच, वजनाने ३.२ टक्क्यांची बिअर खुली झाली, ३१ गॅलनच्या पिंपाला ५ डॉलर कर लावून.

प्रतिसाद – परवाना_खिडकी

आपल्याकडच्या कायद्याशी गल्लत नको. मुंबई प्रांताच्या १९४९ च्या कायद्यात दारू बाळगणं आणि पिणं यांवरही बंदी होती, म्हणून पिण्याचा परवाना लागतो. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भाग बहुतांशी राखला. अल्कोहोल असलेल्या औषधांवरची आणि प्रसाधनांवरची बंदी मात्र रद्द केली. आणि २१ व्या दुरुस्तीनेही सगळीकडे दारू खुली झाली नाही. राज्यांना आपापली बंदी ठेवता येत होती. मिसिसिपीत ती १९६६ पर्यंत होती.