हाफ मॅरेथॉन, चॅरिटी टीम आणि गुडघ्याची बाहेरची बाजू – मदत हवी आहे

मंदगती

नमस्कार मंडळी. पळण्यातल्या जाणकारांचा, आणि अशा निधी गोळा करणाऱ्या टीममधून कोणी पळलं असेल तर त्यांचाही सल्ला हवा आहे.

रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ट्रेनिंग टीममधून मी हाफ मॅरेथॉनची (२१.१ किलोमीटर) तयारी करतेय. पद्धत नेहमीचीच. संस्था कोच देते, आठवड्याचं वेळापत्रक देते, बिब (रेसमध्ये छातीवर लावायचा नंबर) देते. आपण ओळखीपाळखीतून ठरलेली रक्कम उभी करायची. मुदतीत जमली नाही तर उरलेली आपल्या कार्डवरून जाते, तसं लिहून दिलंय. माझी बरीचशी जमलीय, त्यामुळे तो घोर नाही.

घोर गुडघ्याचा आहे. रविवारची लाँग रन १४ किलोमीटरवर आली आणि उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. पहिले आठ-नऊ किलोमीटर काही नाही, मग एकाच जागी टोचायला लागतं. चालायला लागलं की थांबतं. पुन्हा पळावं तर आधीपेक्षा लवकर सुरू. उतारावर जास्त. घरी जिना चढताना ठीक, उतरताना मात्र कठडा धरावा लागतो. सूज नाही, कुठे पडले-मुरगळलेही नाही.

एरवी गुपचूप थांबले असते. पण आमच्या टीममध्ये ज्यांच्यासाठी पळतोय त्यांची नावं टीशर्टच्या पाठीवर मार्करने लिहितात. माझ्या पाठीवर मावशीचं नाव आहे, आणि त्याखाली पैसे देणाऱ्यांनी सांगितलेली आणखी काही. केमो घेतलेल्या माणसापुढे गुडघ्याचं रडगाणं काय गायचं, असं होतं.

रेस दीड महिन्यावर आहे. हे नेमकं काय असावं? रेटून पळालं तर चालेल का? आमचा सर्वात हळू ग्रुप किलोमीटरला ८ मिनिटांचा. तो सोडून पळत-चालत केलं तर साडेतीन तासांच्या मर्यादेत बसेल का?

डांबरी

रेटून अजिबात नको. बाकी पायपीट येतीलच सांगायला.

पायपीट

आलो. डॉक्टर नाही, पण हे दुखणं भोगलेला आहे. वर्णन थेट आयटी बँडचं वाटतंय. कमरेपासून मांडीच्या बाहेरून खाली येऊन गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला जोडलेला जाड पट्टा असतो तो. गुडघा साधारण ३० अंशांत वाकला की मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याशी त्याचा दाब पडतो. उतारावर आणि फार हळू पळताना गुडघा त्या कोनात जास्त राहतो, म्हणून तिथे दुखणं वाढतं. तरी फिजिओला दाखवाच. बाहेरच्या बाजूला दुखण्याची कारणं इतरही असतात, आणि सूज आली किंवा गुडघा अडकायला लागला तर प्रकरण वेगळं.

जोर गुडघ्याला चोळण्यावर नको, कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंवर हवा. ते कमजोर असले की प्रत्येक पावलाला मांडी आत वळते आणि पट्टा ताणला जातो. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणे, क्लॅमशेल (कुशीवरच, गुडघे वाकवून, पावलं जोडलेली ठेवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडणे), रबरबँड लावून बाजूला चालणे. कंटाळवाणं आहे, पण उपयोग होतो तो याचाच. फोम रोलरने (स्नायू रगडायचं फोमचं जाड लाटणं) पट्टाच रगडत बसणारे बरेच दिसतात. तो लांबत वगैरे नाही. रोलर फिरवायचाच तर आजूबाजूच्या स्नायूंवर फिरवा.

पळणं पूर्ण बंद करायची गरज बहुतेक पडणार नाही. दुखणं सुरू होतं त्याच्या बरंच आधी थांबायचं, मध्ये एक दिवस सोडायचा, उतार टाळायचे. आणि लाँग रनच्या आधी वेदनाशामक गोळी घेऊन निघू नका. दुखणं झाकलं जातं, शिवाय आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, लांबचं पळणं आणि घामाने कमी झालेलं पाणी हे तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंडावर ताण येतो.

एक विचारायचं राहिलं : रस्त्याच्या एकाच कडेने पळता का?

चकमक

पळत-चालत करण्यात काही कमीपणा नाही. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनीच ही पद्धत लोकप्रिय केली. हिशोब करून पाहा. ४ मिनिटं तुमच्या ८च्या पेसने (म्हणजे किलोमीटरला ८ मिनिटं) पळायचं, १ मिनिट ११च्या पेसने चालायचं. सरासरी साडेआठच्या आत येते, म्हणजे २१.१ किलोमीटर तीन तासांच्या आत. सलग पळून २ तास ४९ मिनिटं लागली असती. दहाच मिनिटांचा फरक! फक्त चालणं पहिल्या किलोमीटरपासून सुरू करा, दुखायला लागल्यावर नाही.

आणि सरावात २१ गाठायलाच हवं असं नाही. १६ ते १८ पर्यंत पोचलेले कितीतरी जण आरामात पूर्ण करतात. दोन आठवडे कमी पळालात तरी आतापर्यंतचं वाया जात नाही.

ओंजळ

मी अशाच एका टीमची कॅप्टन होते, म्हणून पैशांबद्दल लिहिते. लोकांनी दिलेले पैसे संस्थेला दिलेले असतात, तुमच्या फिनिश लाइनला नव्हे. कोणी परत मागितल्याचं मला आठवत नाही. कोचला आजच सांगा. दुखापती त्यांना नव्या नसतात, उलट शेवटच्या आठवड्यात कळलं की तेच वैतागतात. पुढच्या वर्षीवर नेता येतं का, त्याच दिवशी कमी अंतराची रेस आहे का, हे लेखी विचारून घ्या. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. बिब मात्र परस्पर मैत्रिणीला देऊ नका. वाटेत तिला काही झालं तर त्या नंबरवर तुमचं नाव आणि तुमच्या घरच्यांचा फोन असतो.

केमोशी तुलना करणं सोडा, असं आगाऊपणे सांगते. आमच्या टीममध्ये उपचार पूर्ण झालेले दोघं होते. कोणी लंगडत पळताना दिसलं की सगळ्यात आधी तेच ओरडायचे.

मंदगती

सगळ्यांचे आभार. पायपीट, हो, नेहमी एकाच कडेने. टीमच त्या बाजूने जाते. तिथे रस्ता गटाराकडे उतरता आहे आणि उजवा पाय खालच्या बाजूला येतो, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं! कोचला मेसेज केलाय, फिजिओची वेळ परवाची मिळाली. तोपर्यंत एका पायावर बसण्याचे व्यायाम सुरू करू का? टीमच्या वेळापत्रकात आहेत.

पायपीट

ते परवानंतर, फिजिओ म्हणाले तर. गुडघा वाकवून वजन घेताना दुखतंय तोवर नकोच. आज फक्त कुशीवरचे, दोन्ही बाजूंनी. पाय वर जाताना किंचित मागे ठेवा, पुढे आला की मांडीचा पुढचा स्नायूच सगळं काम करतो. आणि सपाट रस्ता शोधा.