परसातली म्हातारी कोंबडी आणि तिचे दुखणे : तुमचे अनुभव

धागा काढणारी, अनगोळ

पावसाळा तोंडावर आला म्हणून रविवारी परसातील खुराडे झाडायला घेतले, तेव्हा फळीच्या मागे खोचून ठेवलेली एक सुती पट्टी हाती लागली. जुन्या धोतराची ती पट्टी धुऊन धुऊन विरली होती, पण तिच्यावरचा हळदीचा डाग तसाच होता. ती आमच्या काळीच्या पायाची पट्टी. काळीला जाऊन चार वर्षे झाली, तरी झाडू बाजूला ठेवून मी बराच वेळ ती पट्टी हातात धरून बसले.

काळी म्हणजे बेळगुंदीच्या माहेरून डालग्यात घालून आणलेली जवारी कोंबडी. पहिली दोन वर्षे तिने भरपूर अंडी दिली, दोनदा खुडूक बसून २१ दिवसांनी पिले काढली, मग अंडी कमी कमी होत सहाव्या वर्षी बंदच झाली. सातव्या वर्षी ती लंगडू लागली. उचलून तळवा पाहिला तर मधोमध मसुराएवढी काळी खपली आणि भोवती गरम, तणतणलेली सूज. डालगे घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. रांगेत दोन म्हशी आणि एक शेळी होती, त्यामुळे माझ्याकडे पाहून लोकांची चांगलीच करमणूक झाली. एका आजोबांनी विचारले, "अंडी घालतीय काय?" मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग रस्सा करायचा सोडून हिला हिकडं कशाला आणलासा?"

डॉक्टर तरुण होते आणि कन्नडमध्ये बोलत होते, मी मराठीत बोलत होते, आणि आमच्या दोघांच्या मध्ये काळी तिच्या भाषेत ओरडत होती. त्यांनी कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजवून खपली सैल केली आणि आतून जुन्या खव्यासारखा घट्ट पू काढला. उंच दांडीवरून रोज फरशीवर उडी मारल्याने तळव्याला बारीक जखम होते आणि त्यातून जंतू शिरतात, असे त्यांनी समजावले. म्हणून दांडी वीतभर उंचीवर आणली, खाली भाताचा पेंढा पसरला, आणि रोज पट्टी बदलायला सुरुवात केली. "कोंबडीचे पाय चेपायचे तेवढे राहिले होते," असे म्हणणाऱ्या सासूबाईंनीच तिसऱ्या दिवसापासून तिला मांडीवर धरायला घेतले, कारण मला ते नीट जमत नाही असे त्यांचे मत पडले. त्यानंतर काळी आणखी दीड वर्ष जगली.

तुमच्याकडेही असे कुणी म्हातारे पाखरू असेल, तर त्याच्या दुखण्याचे कसे निभावले ते अवश्य लिहा.

खानापूरचा, सध्या पुण्यात

रस्सा करण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. सात वर्षांची कोंबडी शिजायला जेवढे सरपण लागते, तेवढ्यात पंगतीचा भात होईल, हे उत्तर आईने तयार ठेवले होते.

येळ्ळूरची सून

मी अनुभव लिहायला नव्हे, तर विचारायला आले आहे. आमची तांबडी पाच वर्षांची आहे. कालपासून ती तुरा पडल्यासारखी, अंग फुगवून एका कोपऱ्यात उभी आहे. तिला आवडते म्हणून बासमतीची कणी समोर ठेवली, तर तिने चोचही लावली नाही. गळ्याखाली हात लावला तर लिंबाएवढा कडक गोळा लागतो. परवा मुलांनी खुराड्यात वाळलेले गवत टाकले होते. हे नेमके काय असावे? आमच्या जवळचा दवाखाना आज बंद आहे.

जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त, चिकोडी

येळ्ळूरच्या ताई, तुम्ही जो गोळा सांगता ती अन्नाची पिशवी आहे. कोंबडी जे टिपते ते आधी तिथे साठते आणि मग हळूहळू पुढे सरकते. त्यामुळे संध्याकाळी ती भरलेली असणे योग्यच, पण रात्रभर काही न खाता सकाळीही ती कडक असेल, तर आत काही तरी अडकले आहे. लांब वाळलेल्या गवताचा असाच गुंता होतो. आता दाणे पूर्ण बंद ठेवा आणि पाणी मात्र समोर असू द्या. गोडेतेलाचे चार-पाच थेंब देऊन बोटांच्या टोकांनी तो गोळा हलक्या हाताने चोळा, दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाच मिनिटे. कोंबडी उलटी धरून ओकवण्याचा उपाय कुणी सांगितला तर तो करू नका, कारण ते सगळे श्वासनळीत जाऊन पाखरू हातातच गुदमरते.

ड्रॉपरविषयीही सांगून ठेवतो, कारण नोकरीत मी याच चुकीने मेलेल्या कोंबड्या सर्वांत जास्त पाहिल्या. श्वासनळीचे तोंड जिभेच्या अगदी मागे उघडे असते. चोच फाकवून पाण्याची धार आत सोडली की पाणी थेट फुप्फुसात जाते. त्याऐवजी चोचीच्या कडेवर एक थेंब ठेवावा आणि तिने तो स्वतः गिळेपर्यंत थांबावे, मगच दुसरा द्यावा. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही. उद्या सकाळपर्यंत गोळा मऊ झाला नाही, तर मात्र घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडेच न्या.

येळ्ळूरची सून

आपले फार आभार. तेल दिले आहे आणि चोळायलाही बसले आहे. मुले शेजारी गुन्हेगारासारखी उभी आहेत.

निपाणीकर

आमच्या घरी पायांचे दुखणे वेगळ्या प्रकारचे होते. म्हाताऱ्या कोंबडीच्या पायांवरचे खवले उचकटून वर आले होते आणि त्यांच्याखाली खडूच्या भुकटीसारखे पांढरे साचले होते. खवल्यांच्या आत शिरणाऱ्या बारीक किड्यांमुळे ते होते, हे पुढे कळले. आजोबांचा मात्र सर्व रोगांवर एकच उपाय होता, आणि निपाणीत तो कोणता असणार हे सांगायला नको. त्यांनी तंबाखूची पाने रात्रभर भिजवली आणि ते पाणी कोंबडीच्या पायांना व पंखांखाली चोळले. अर्ध्या तासात कोंबडी मान टाकून थरथरू लागली. तंबाखूतले विष कातडीतूनही अंगात भिनते. आजीने तिला साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन काढले, फडक्यात गुंडाळून उन्हात धरले, आणि नशिबाने ती वाचली. नंतर करंजेल तेल रोज पायांना लावत गेलो, तेव्हा महिन्याभरात किडे गुदमरून मेले आणि खवले सपाट झाले. आजोबांनी तंबाखूचे नाव काढले नाही, पण करंजेलाचा उपाय आपणच सुचवला होता असे ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

जांबोटीच्या जंगलाकडून

तुमच्याकडे पाऊस लागतो, आमच्याकडे तो येऊन राहतो, त्यामुळे आमच्या कोंबड्यांची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळातच ४१ ते ४२ अंश असते आणि म्हातारपणी, पिसे गळण्याच्या दिवसांत, तिला ती राखता येत नाही. आमच्या पांढरीच्या दोन्ही डोळ्यांत मोती पडले होते. पावसाळाभर तिचे डालगे चुलीपासून हातभर अंतरावर असे आणि खालची राख रोज बदलावी लागे. तिला दिसत नव्हते, पण कणीच्या पत्र्याच्या डब्यावर मी नखाने तीन वेळा वाजवले की ती मान वर करून आवाजाच्या दिशेने यायची आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला चोच लावून थांबायची. मग दाणे नेमके त्या अंगठ्यापुढे टाकायचे. चार बोटे इकडेतिकडे पडले, तर ती जमिनीवर टोचत राहायची आणि उपाशी राहायची. इतर कोंबड्या आंधळीला टोचून रक्त काढत, म्हणून तिला वेगळे ठेवले होते, पण मध्ये फक्त जाळी होती. अगदी एकटी ठेवली तेव्हा तिने दोन दिवस खाणेच सोडले होते.

संकेश्वरची, आता मुंबईत

अंगठ्याला चोच लावून थांबायची, हे वाचून डोळ्यांत पाणी आले. सध्या चौथ्या मजल्यावर राहते, त्यामुळे सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही. फक्त वाचते आहे.

कंग्राळीकर

आमच्या मावशींनी एक कोंबडी लक्ष्मीच्या यात्रेसाठी नवसाला सोडली होती. यात्रेच्या आठवडाभर आधी तिच्या पोटात पाणी भरले आणि ती बदकासारखी फेंगडी चालू लागली. दुखणाईत पाखरू देवीला चालत नाही, म्हणून दुसरे दिले गेले. डॉक्टरांनी सुईने पाणी काढले, पण अंडी वाहणारी नळीच बिघडली असल्याने ते पुन्हा भरेल, असेही स्पष्ट सांगितले. ते खरोखरच दर दीड-दोन महिन्यांनी भरत असे. देवीने नाकारलेली म्हणून तिला कापायचे कुणाचेच धाडस झाले नाही, आणि नवसाची ती कोंबडी पुढे वर्षभर मावशींच्या सोप्यात गोणपाटावर झोपत होती. मावशी दर सोमवारी तिला तराजूत घालून वजन वहीत लिहीत. वजन वाढले की पाणी भरले, आणि छातीचे हाड हाताला सुरीसारखे लागले की अंगावरचे मांस चालले, असा त्यांचा साधा हिशेब होता.

उचगावचा शेतकरी

माझा अनुभव लिहावा की नाही, याचा दोन दिवस विचार केला. बाजारातून एक देखणा कोंबडा आणला आणि त्याच संध्याकाळी तो जुन्या कोंबड्यांत सोडला. पाचव्या दिवशी हिरवट हगवण सुरू झाली, मग माना पिळवटू लागल्या. आई त्याला मानमोडी म्हणते, शेजारचे कन्नड काका कोक्करे रोग म्हणतात, आणि डॉक्टरांनी राणीखेत म्हटले. तिघांचा रोग एकच, आणि तो झाल्यावर औषध कुणाकडेच नव्हते. आठ दिवसांत अकरा कोंबड्या गेल्या, त्यांत आईची आठ वर्षांची म्हातारीही होती. लांब खोल खड्डा काढून, चुना टाकून पुरल्या.

लस असते, हे मला माहीत होते. पण एका कुपीत शंभर कोंबड्यांची लस येते आणि पाण्यात मिसळली की ती तास-दोन तासांतच संपवावी लागते, म्हणून अकरा कोंबड्यांसाठी कोण आणणार, असे म्हणत मी टाळत राहिलो. आता गल्लीतील सात घरे मिळून एकच कुपी बर्फात घालून आणतो आणि एकाच संध्याकाळी सगळ्यांच्या कोंबड्या टोचून घेतो. नवे पाखरू आणले की तीन आठवडे ते घराच्या दुसऱ्या अंगाला वेगळे राहते. आई अजूनही त्या कोंबड्याविषयी काही बोलत नाही. तिने एकदा बोलून टाकले असते, तर बरे झाले असते.

धागा काढणारी, अनगोळ

उचगावच्या दादा, तुम्ही लिहिलेत हे चांगले केलेत. आमच्या गल्लीतही कोंबड्या पाळणारी पाच-सहा घरे आहेत. उद्याच विचारते.

चिकोडीच्या काकांना एक शंका विचारायची आहे. काळीच्या पायासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. ती अंडी देत नव्हती म्हणून प्रश्न आला नाही, पण देत असती तर ती खायची होती का?

जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त, चिकोडी

नाही. औषध चालू असताना आणि ते संपल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस ती अंडी कुणीच खायची नाहीत, बाजारातही द्यायची नाहीत. आणि आजारी पाखराला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, मग ते कितीही लाडके असो.

येळ्ळूरच्या ताई, काय झाले? सकाळी गोळा पाहिलात का?

येळ्ळूरची सून

उशिरा लिहिते आहे, क्षमा असावी. पहाटे पाच वाजता टॉर्च घेऊन गेले. गोळा पूर्ण गेलेला नाही, पण काल लिंबू होते ते आज भिजलेल्या चिंचेसारखे मऊ लागते आहे. विष्ठेत गवताच्या दोन लांब काड्या दिसल्या. धाकट्याने त्या काडीने उचलून सगळ्या घराला दाखवल्या. दाणे अजून दिलेले नाहीत. नऊ वाजता दवाखाना उघडेल, डालगे दारात काढून ठेवले आहे. तांबडी त्यात बसून माझ्या चपलेचा बंद टोचते आहे.