डबीर, लिपी आणि सुमेरी ‘दुब’

प्रश्न: ‘डबीर’ शब्दाला कोशात ‘फारसी दबीर, लेखक’ एवढंच मिळतं. शिवकाळात परराज्यांशी व्यवहार पाहणारा मंत्री तो डबीर. १६७४ च्या राज्याभिषेकात त्याचा ‘सुमंत’ झाला, पण आडनाव टिकलं. हा शब्द मुळात सुमेरी आहे असं ऐकलं. खरं का?

उत्तर: खरं आहे, फक्त तो थेट आलेला नाही, हातोहात आलाय.

आजच्या दक्षिण इराकमधल्या सुमेरी लोकांच्या भाषेत ‘दुब’ म्हणजे लिहायची मातीची पाटी. ‘दुबसार’ म्हणजे पाटीवर लिहिणारा, आणि तो जिथे तयार होई ती शाळा ‘एदुबा’, पाट्यांचं घर. निप्पूरच्या उत्खननात अशा एका घरात मुलांनी गिरवलेल्या शेकडो पाट्या सापडल्या. सुमेरी शाळांतल्या काही पाट्या तळहातात मावणाऱ्या, गोल आणि मध्ये फुगीर असत. गुरुजी ओल्या मातीत बोरू दाबून एक-दोन ओळी लिहीत, मुलगा त्याच ओळी खाली किंवा मागच्या बाजूला उतरवी. कुठला हात सराईत आणि कुठला शिकाऊ, हे आजही पाहताक्षणी कळतं. काम झालं की माती भिजवून नवी पाटी करत.

सुमेरी बोलीतून गेली तरी लेखनाची विद्या शेजाऱ्यांनी उचलली, शब्दांसकट. अक्कडी भाषेत ‘दुब’चं ‘तुप्पु’ झालं, एलामीत ‘तुप्पी’, जुन्या फारसीत ‘दिपि’. इराणचा सम्राट दारयवहु (डरायस) याचा बेहिस्तूनच्या कड्यावरचा लेख (इ.स.पू. ५२० च्या सुमाराचा) स्वतःला ‘दिपि’च म्हणवतो. या ‘दिपि’पासून लेखनिकाला ‘दिबीर’, पुढे ‘दबीर’, आणि आपल्याकडे डबीर. ‘दिवाण’सुद्धा बहुतेक अभ्यासक ‘दिपि’कडेच नेतात. म्हणजे दिवाणी दावा आणि दिवाणखाना याच घराण्यातले.

शंका: मग ‘लिपी’ही ‘दिपि’च म्हणायची का? आम्हाला तर ‘लिप्’ म्हणजे लिंपणे, शाईने माखणे, असं शिकवलं होतं.

उत्तर: माझं मत ‘दिपि’च्या बाजूने आहे, आणि त्याचा पुरावा अशोकाने खडकावर ठेवलाय. गिरनारच्या लेखात ‘धंमलिपी’ आहे, पण इराणी सत्तेखाली राहिलेल्या वायव्येकडच्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे त्याच जागी ‘दिपि’ आहे. पाणिनीही एकाच सूत्रात ‘लिपि’ आणि ‘लिबि’ अशी दोन रूपं देतो. शब्द घरचा असता तर ही चलबिचल कशाला? बाहेरून आलेल्या ‘दिपि’ला आपल्याकडे ‘लिप्’ धातू जवळचा वाटला आणि ‘द’चा ‘ल’ झाला, हे मला जास्त पटतं. ‘लिप्’वाली व्युत्पत्ती अजून मानणारे आहेत, पण त्यांनी शाहबाजगढीचा ‘दिपि’ समजावून सांगायला हवा.

आणखी एक: ‘दफ्तर’ आणि ‘चिटणीस’ही यातच धरायचे का?

उत्तर: नाही. ‘दफ्तर’ ऐकायला जवळचा वाटतो, पण तो ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कमावलेलं कातडं. अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. कातड्यावर लिहायचे, त्यावरून हिशेबाची वही आणि मग मुलांचं दफ्तर. त्याचा पाटीशी संबंध नाही.

‘चिटणीस’, ‘फडणीस’मधला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. तो अस्सल इराणी धातू, सुमेरी नव्हे. गंमत म्हणजे शाहबाजगढीला अशोकाने ‘लिहिलं’ या अर्थी ‘निपिस्त’ वापरलंय, ते याच धातूचं रूप. तेव्हा ‘डबीर’ आणि ‘चिटणीस’ या दोघांचे पूर्वज त्या एकाच खडकावर वाचता येतात.