फलकावर काय लिहावं: देणगीदार, दाते की आश्रयदाते?

तापीकाठ:
आमच्या गावच्या (चोपडा तालुका) वाचनालयाची नवी इमारत उभी राहतेय आणि फलकाचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. समितीचं ठरलंय की लाखावर देणारे 'आश्रयदाते', पंचवीस हजारांवर 'देणगीदार', बाकीचे 'वर्गणीदार'. मला 'आश्रयदाते' खटकतो. वाचनालय काय उघड्यावर पडलं होतं? दुसरी अडचण म्हणजे एका बाईंनी साठ हजार दिले, वर नाव लावू नका म्हणाल्या. पावतीवर छापून आलं 'एक सद्गृहस्थ'!

भरीतपुरी:
'आश्रयदाता' दरबारी आहे. राजा कवीला, गवयाला पोसायचा, तो आश्रय. राजे गेले, शब्द मासिकांच्या आणि मंडळांच्या यादीत वरची पायरी होऊन बसला. आणि पाचशेवाल्याला वर्गणीदार का म्हणता? वर्गणी ठरलेली असते, घरटी मागितली जाते, नाही दिली तर चौथ्या दिवशी पोरं पुन्हा दारात. मनानं दिलेले पाचशे ही देणगीच.

जुना वाडा:
'दाता'सुद्धा जपून वापरा. संस्कृत व्याकरणात दान म्हणजे आपलं स्वामित्व सोडून देणं. 'विप्राय गां ददाति' इथे चतुर्थी, कारण गाय परत यायची नाही. पण 'रजकस्य वस्त्रं ददाति' इथे षष्ठी. धोब्याला कपडे देतो ते धुऊन परत यायलाच! मराठीनं दोन्हीकडे '-ला' लावून हा भेद पुसून टाकला. आता ग्रॅनाइटवर कोरलेलं नाव हे परत आलेलं धुणं का, हे तुमच्या समितीनं ठरवावं.

भरीतपुरी:
मग अमळनेरचं काय? १९१६ साली प्रतापशेठांच्या पैशातून तिथे संस्था निघाली, तिचं नाव 'तत्त्वज्ञान मंदिर'. त्यात शेठजी कुठेच नाहीत. आता ती प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाते. नाव मागाहून आलं, ते धुणं नव्हे.
उलट जळगावचं मूळजी जेठा महाविद्यालय घ्या. नाव पाटीवर पूर्ण आहे, पण 'एमजेला ॲडमिशन मिळाली' म्हणणाऱ्या किती पोरांना 'एम' आणि 'जे' कोण ते ठाऊक असतं?

केळीचं पान:
'धर्मादाय' म्हटलं की तुम्हाला आयुक्त आठवत असतील. माझ्या आजोबांना कापसाची पट्टी, म्हणजे आडत्यानं दिलेला विक्रीचा हिशेब, आठवायची. आडत, तोलाई, हमाली आणि खाली एक ओळ: 'धर्मादा'. व्यापारी शेतकऱ्याच्या पैशातून तो कापून घ्यायचा. त्यातून पांजरपोळ, धर्मशाळा व्हायच्या आणि दगडावर नाव पेढीचं लागायचं. असल्या कपातींना लगाम घालणं हाही १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याचा एक हेतू होता. अशाच एका धर्मशाळेच्या ओट्यावर टेकले की आजोबा अहिराणीत म्हणायचे, 'हाई मनी बी शे.' (ही माझीपण आहे.)
तेव्हा 'यांजकडून' लिहिताना जरा थांबा. त्या शब्दात पैसा कुठून आला ते येत नाही, कोणाच्या हातून आला तेवढंच येतं.

तापीकाठ:
हे वाचून दाखवलं तर समितीतले दोघं उठून जातील. (दोघंही आडतदार.)

जुना वाडा:
बाईंबद्दल: 'दात्री' शुद्ध आहे, पण गावात कोणी म्हणणार नाही. 'सद्गृहिणी' नको, ते हळदीकुंकवाच्या निमंत्रणासारखं वाटतं. 'हितचिंतक' बाईलाही चालतो, पुरुषालाही. 'देणगीदार'चंही तेच, '-दार'ला लिंगाची अडचण नाही.

भरीतपुरी:
पण गुप्तदान फलकापुरतंच ठेवा. हिशेबाच्या वहीत आणि पावतीवर त्यांचं खरं नाव हवं. त्यांना देणगीवर आयकरातली वजावट घ्यायची असेल तर 'एक सद्गृहस्थ' चालायचा नाही.

केळीचं पान:
अवांतर: हल्ली प्रत्येक ट्रस्टला 'फाउंडेशन' का व्हायचं असतं? नोंदणी त्याच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली करतात. 'प्रतिष्ठान' काय वाईट होता?

जुना वाडा:
वाईट काहीच नाही, उभं राहण्याची जागा असा त्याचा अर्थ. पैठणचं जुनं नावही तेच. पण त्याचा लोगो होत नाही ना!

तापीकाठ:
काल बैठक झाली. एकच मथळा 'देणगीदार', नावं अकारविल्हे, रकमा नाहीत. शेवटी 'एक हितचिंतक'. लाखवाल्या एका काकांना 'आश्रयदाते' हवाच होता. कोरणारा अक्षरामागे पैसे घेतो, जास्तीचे मी देतो म्हणाले. त्या पैशांची पावती कोणत्या नावानं फाडायची, यावर बैठक अडली आहे.