लॉस एंजेलिसमध्ये कोरियन-मेक्सिकन जेवण: सात जण, दोन शाकाहारी, मागवायचं काय?

चारुता_म
शनिवारी संध्याकाळी कोरियाटाऊनमधल्या एका कोरियन-मेक्सिकन हॉटेलात सात जणांचं टेबल ठरलंय. दोघं पक्के शाकाहारी (अंडं चालतं, मासळीचा अंशही नको), दोघं बीफ खात नाहीत, तिघांना सगळं चालतं. मेन्यूत गाल्बी टाको, स्पायसी पोर्क टाको, किमची (कोरियन पद्धतीची आंबवलेली कोबी) केसाडिया (चीज भरलेली पोळी), टोफू बरीटो, किमची फ्राइज, एलोते (मसाला लावलेलं मक्याचं कणीस) आहे. शाकाहारींनी काय टाळायचं? आणि सात जणांना किती मागवावं?

रानमेवा
सगळ्यात मोठी मेख किमचीत आहे. दिसते कोबी, पण मसाल्यात बहुतेक वेळा फिश सॉस आणि सेउजोत असतं. सेउजोत म्हणजे आपल्या जवळ्याएवढी बारीक कोळंबी, मिठात आंबवलेली. किमची चीजमध्ये परतली की वास जातो, कोळंबी जात नाही. त्यामुळे 'व्हीगन किमची' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर केसाडिया आणि फ्राइज दोन्ही बाद. तोकबोक्की (तिखट रश्शातले तांदळाच्या पिठाचे तुकडे) असली तर तीही नको. तिचा रस्सा सहसा सुक्या अँकोव्हीच्या पाण्यात करतात, वर फिशकेकचे तुकडे असतात.

गोचुजांगला (कोरियन मिरचीची पेस्ट) सहसा हरकत नाही. मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन, मीठ. पुष्कळ ब्रँडमध्ये गहू किंवा बार्ली असते, तेव्हा ग्लूटेन वर्ज्य असणाऱ्यांनी जपावं.

मेक्सिकन बाजूला तीन प्रश्न विचारा. बीन्समध्ये आणि मैद्याच्या टोर्टियात (पातळ पोळीत) डुकराची चरबी आहे का? भात चिकनच्या पाण्यात शिजवलाय का? टोफू वेगळा मुरवलाय की मांसाच्याच मसाल्यात? चरबीला स्पॅनिशमध्ये 'मान्तेका' म्हणतात आणि लोण्याला 'मान्तेकिया'. गोंगाटात हे दोन शब्द हमखास एकमेकांत मिसळतात, म्हणून 'डुकराची' हेही सांगाच. नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणू नका. 'कार्ने' म्हणजे बऱ्याच जणांच्या डोक्यात बीफ, आणि मग ताटात चिकन येतं.

तवा सगळ्यांचा एकच असतो, तळणीचं तेलही. ते चालणार नसेल तर अशा ठिकाणी जेवण जमणं कठीण. टेबल घेण्याआधीच फोन करून विचारा.

खलबत्ता
बीफचं: गाल्बी म्हणजे बरगडीचं बीफ. नुसतं 'बुल्गोगी' लिहिलं असेल तर तेही बीफच धरा. 'कार्ने असादा' बीफ. बिर्या (मसालेदार रश्शात शिजवलेलं मांस) मुळात बोकडाची, पण लॉस एंजेलिसमध्ये आता बहुतेक ठिकाणी बीफची मिळते. त्या दोघांसाठी स्पायसी पोर्क किंवा चिकन.

किती मागवावं: टाको लहान असतात, तळहातावर मावतील एवढे. फक्त टाको खायचे तर माणशी तीन. सोबत फ्राइज-बरीटो असेल तर दोन पुरतात. पण सगळे एकदम मागवू नका. मक्याच्या टोर्टियात ग्लूटेन नसतं, त्यामुळे रस मुरला की ती फाटते. म्हणूनच एकाखाली एक अशा दोन लावतात. तरीही पाचेक मिनिटांत खाल्ला नाही तर टाको हातात सुटतो. आधी एलोते आणि फ्राइज मधे ठेवायला, मग टाको सात-सातच्या दोन फेऱ्यांत. बरीटो मैद्याचा, तो थांबू शकतो; दोघांत एक पुरे.

तिखटाबद्दल: लाल रंगाला भिऊ नका. गोचुगारू (कोरियन मिरचीपूड) आपल्या ब्याडगीसारखी, रंग जास्त नि जाळ बेताचा. खरी आग हबानेरोच्या केशरी साल्सात असते, तो थेंबाने घ्या.

चारुता_म
फार उपयोगी, दोघांचेही आभार! किमची टाळून कोरियन चव कशी मिळेल? टोफू बरीटो अगदीच सपक लागेल का?

रानमेवा
नाही लागणार. बरीटोत किमचीऐवजी कोबी-कोथिंबिरीचं स्लॉ (कच्चं सॅलड) घालायला सांगा, गोचुजांगचा सॉस बाजूला. स्लॉच्या ड्रेसिंगमध्ये फिश सॉस नाही ना, एवढं बघा. या प्रकाराला ज्याने नाव मिळवून दिलं, त्या शेफ रॉय चोई यांच्या कोगी फूड ट्रकच्या (सुरुवात २००८) टाकोतही किमची नव्हे, तर मिरची-सोया ड्रेसिंगचं स्लॉच असतं. आंबट, तिखट आणि तिळाचा वास एवढं जमलं की चव साधते. लिंबू जास्तीचं मागून घ्या.

पानसुपारी
दोन व्यवहाराच्या गोष्टी. सहा किंवा जास्त माणसं असली की अनेक ठिकाणी १८ टक्के टिप बिलातच लावतात. ती ओळ बघा, नाहीतर दोनदा दिली जाते. लावलेली नसेल तर कराआधीच्या रकमेवर १८ ते २० टक्के. शिवाय साडेनऊ टक्क्यांच्या वर विक्रीकर आहेच.

मार्गारिटा मागवणार असाल तर त्यात टकीला आहे की सोजू (कोरियन दारू) ते विचारा. कॅलिफोर्नियात बिअर-वाइनच्या परवान्यावर २४ टक्क्यांपर्यंतची सोजू विकता येते, म्हणून बऱ्याच कोरियन ठिकाणी सोजूचीच मार्गारिटा मिळते. चवीला हलकी लागते आणि भराभर संपते. गाडी चालवणाऱ्याला ओर्चाता द्या, तांदूळ-दालचिनीचं गार पेय आहे. काही जण दूध घालतात, तेवढं विचारून घ्या.

शनिवारी सातनंतर गाणी इतकी मोठ्याने असतात की वेटरला बीन्स-चरबीचा प्रश्न ऐकूच जात नाही. साडेपाचचं टेबल घ्या, नाही मिळालं तर अंगणातलं मागा, आणि शाकाहारींची ऑर्डर फोनवर टाइप करून दाखवा.